ओढ्याकाठचं सरकार

मी दीड-दोन वर्षं परराष्ट्रमंत्री होतो. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा लगेच विचारतो, कोणत्या देशाचा? देश म्हणजे पिंपळे गुरवच्या कडेला, ओढ्याकडे पाठ करून उभी असलेली पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथले पंतप्रधान सखाराम रणपिसे. मला मंत्री त्यांनीच केलं. मी दारात दात घासत उभा होतो आणि ते दोरीवर कंपनीचा गणवेश वाळत घालत होते. मॅट्रिकला इंग्रजीत पास झाला होता का, असं त्यांनी विचारलं. तोंडात मंजन असल्यामुळे मी मान हलवली. "मग परराष्ट्र तुमच्याकडं," असं म्हणून त्यांनी पँट झटकली आणि विषय संपला.

रणपिसे भाऊ चिंचवडच्या एका कंपनीत प्लेटिंग खात्यात होते. सायकलची हँडलं आणि गाड्यांचे बंपर आम्लाच्या टाक्यांत बुडवून चकचकीत करायचं काम. माणूस उंच, वाळका, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. राजकारणाशी त्यांचा संबंध एकदाच आला होता, तो म्हणजे कंपनीच्या कॅन्टीन कमिटीत. तिथे डाळ पातळ असते या विषयावर बरेच महिने बैठका चालल्या. डाळ शेवटपर्यंत पातळच राहिली, पण त्या बैठकांतून भाऊ ठराव, अनुमोदन, हक्कभंग, सभात्याग असे शब्द शिकून बाहेर पडले आणि मग त्यांनी ते चाळीत वापरायला काढले.

चहा घेणार का विचारलं की म्हणायचे, "तत्त्वतः मान्य आहे." दूध संपलंय असं सांगितलं की तपशिलाचं नंतर बघू म्हणायचे. हापशावर कुणी मध्येच कळशी घुसवली तर तो हक्कभंग. भांडण वाढायला लागलं की ते शांतपणे "मी सभात्याग करतो" म्हणून स्वतःच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. एकटेच राहायचे. माझी आई म्हणायची, बोलायला घरात कुणी नसलं की माणूस असं सगळ्या गावाशी बोलतो.

आमच्या पाठीमागचा ओढा वरच्या अंगाच्या एका रंगाच्या कारखान्यामागून यायचा. कारखान्यात सकाळी जो रंग बनायचा तो दुपारपर्यंत आमच्याकडे पोचायचा. त्यामुळे ओढा कधी लाल, कधी निळा, कधी हळदीचा. चाळीच्या मालकीणबाई हिराबाई, जुन्या गावातल्या. त्यांच्या म्हशी एकदा ओढ्यात बसल्या आणि संध्याकाळी जांभळ्या होऊन घरी आल्या. गिऱ्हाइकांनी दूध घ्यायचं बंद केलं. हिराबाई दारोदार जाऊन सांगत होत्या की दूध म्हशीच्या आतनं येतं, कातड्यातनं न्हाई. तरी कुणी ऐकेना. पुढे म्हशींच्या अंगावर फोड उठले, तेव्हा हिराबाईंनीच सांगणं सोडलं.

रंग बदलला तरी वास बदलायचा नाही. सडकं अंडं आणि रॉकेल यांच्या मधला कुठला तरी तो वास होता. जेवायला बसलं की सगळ्या चाळीच्या मागच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या.

आम्ही अर्ज केले होते. ग्रामपंचायतीनं आमचा अर्ज तालुक्याला पाठवला, तालुक्यानं तो योग्य कार्यवाहीसाठी ग्रामपंचायतीला पाठवला. कारखान्याच्या गेटवर गेलो, तर वॉचमननं पाणी वरूनच तसं येतं म्हणून सांगितलं, आणि वर म्हणजे आकाशाकडे बोट दाखवलं. शेवटी एका गुरुवारी, म्हणजे आमच्या भागातल्या कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सगळे हिराबाईंच्या गोठ्यासमोर जमले. आणखी एक अर्ज करावा असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. तेव्हा रणपिसे भाऊ उठले.

"सरकारकडं जाऊन झालं," ते म्हणाले. "आता सरकार होऊन बघू."

लोक हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे मंत्रिमंडळ जाहीर केलं, आणि त्याचा नियम असा की ज्याच्या हातून घाण होते त्याला त्याच घाणीचं खातं. कासमभाई कोपऱ्यावरच्या लिंबाखाली स्कूटर-टेम्पो दुरुस्त करायचे आणि जळकं ऑइल ओढ्यात ओतायचे. ते पेट्रोलियम मंत्री झाले. माझी आई चुलीची राख खिडकीतून मागे फेकायची, तिला ऊर्जा खातं मिळालं. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, पण राख फेकायची थांबली. हिराबाईंच्या शेणाचं काय, असा प्रश्न आला. जागा त्यांची, त्यांना दुखवून चालणार नव्हतं. भाऊंनी त्यांना राष्ट्रपती केलं आणि सांगितलं की राष्ट्रपतीला काही करावं लागत नाही, नुसती सही.

"सही न्हाई येत," हिराबाई म्हणाल्या. "आंगठा दीन."

राष्ट्रपती झाल्यावर आठवडाभरात त्यांनी शेणाचा उकिरडा ओढ्यापासून उचलून रस्त्याच्या कडेला नेला. राष्ट्रपतीच्या घरामागं घाण बरी दिसत नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

पण भाऊंची खरी करामत म्हणजे स्टूल. दर गुरुवारी अधिवेशन भरायचं आणि मध्यभागी एक लाकडी स्टूल ठेवलेलं असायचं. ते ओढ्याचं. भाऊंचं म्हणणं, या वस्तीतला सर्वांत जुना रहिवासी ओढा. आपण सगळे नंतर आलो. तर त्याला सभागृहात जागा नाही हे कसं? ओढ्याला बोलता येत नाही म्हणून दर वेळी चिठ्ठी टाकून एकाला स्टुलावर बसवायचं. त्या माणसानं बसल्यापासून उठेपर्यंत ओढा म्हणून बोलायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही.

पहिल्या दोन-तीन जणांनी "मी ओढा, मी फार घाण झालोय" एवढं म्हणून जागा सोडली. मग कासमभाईंची चिठ्ठी निघाली. कासमभाई स्टुलावर बसले आणि घसा साफ केला.

"मैं ओढा," ते म्हणाले. "वो कासम है ना, गॅरेजवाला. दिसायला शरीफ हाय. पण रोज माझ्या तोंडात तेल ओततो."

एकदा सुरुवात झाली आणि कासमभाईंना आवरेना. कासमचे हिशेब कसे खोटे, कासम कसा नमाजाला उशिरा जातो, इथपर्यंत ओढा बोलायला लागला. असंसदीय शब्द वापरू नका, असं भाऊंना दोनदा बजावावं लागलं. मग कासमभाई उठले, आपल्या जागेवर येऊन बसले आणि कासमच्या वतीनं उत्तर दिलं: ओढ्याचं खरं आहे, पण कासमला पोरंबाळं आहेत, तेल टाकायचं तरी कुठं? पुन्हा उठून स्टुलावर गेले आणि म्हणाले की माझ्याही पोटात मासे होते. असा एकच माणूस अर्धा-पाऊण तास उठबस करत स्वतःशी भांडला आणि शेवटी कासम हरला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमागे एक रिकामं पिंप आलं. जळकं ऑइल त्यात साठायला लागलं आणि वाळवी लागू नये म्हणून लोक ते दारांच्या चौकटींना लावायला नेऊ लागले. काही दिवसांनी कासमभाई तक्रार करू लागले की घरच्या दारांना लावायला तेल शिल्लकच राहत नाही.

हिराबाईंची चिठ्ठी निघाली तेव्हा सगळे हसायला तयार होऊन बसले होते. राष्ट्रपतींनी पदर सारखा केला. "मी वढा," त्या म्हणाल्या. "माझ्यात खेकडं व्हते. हिरा नवी नवरी व्हती तवा सासूला चोरून धराया यायची." आणि उठल्या. त्या दिवशी अधिवेशन लवकर संपलं.

आमच्या बाजूची घाण अशी कमी झाली. ओढा मात्र वरून लाल-पिवळा येतच होता. भाऊ म्हणाले, हा आता अंतर्गत प्रश्न राहिलेला नाही, परराष्ट्र संबंधांचा आहे. म्हणजे माझ्यावर आलं.

मी आणि भाऊ कारखान्यात गेलो. शेजारच्या राष्ट्रातून शिष्टमंडळ आलंय, असं भाऊंनी वॉचमनला सांगितलं. वॉचमन गांगरला आणि त्यानं आम्हाला थेट पर्सोनेल ऑफिसरच्या खोलीत नेलं. हे करमरकर नावाचे गोल चेहऱ्याचे गृहस्थ होते. दिवसभर रजेचे अर्ज बघून कंटाळले असावेत, कारण त्यांनी आम्हाला हाकलून दिलं नाही. भाऊंनी तीव्र निषेध नोंदवला. तुमचं पाणी आमच्या हद्दीत विनापरवाना घुसतं, असं सांगितलं. करमरकरांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुमच्या देशाला मान्यता कुणी दिली?"

"तुम्ही," भाऊ म्हणाले. "खुर्ची दिलीत ना बसायला."

करमरकर इतके हसले की त्यांनी चहा मागवला. हसून झाल्यावर खरं काय ते सांगितलं. पाणी साठवून, त्यात चुना कालवून, गाळ खाली बसवून मग सोडायचं, असे हौद बांधायची योजना त्यांच्याकडे होती. वरच्या साहेबांच्या टेबलावर ती कधीची पडून होती. वरच्या साहेबांना ओढा दिसत नव्हता, कारण ते मोटारीनं पुढच्या दारानं येत.

परतताना भाऊ ओढ्यावर पुलासारख्या टाकलेल्या फळकुटापाशी थांबले. कारखान्याचे निम्मे कामगार गावात भाड्यानं राहायचे आणि पहिल्या पाळीला हिराबाईंच्या जमिनीतून, याच फळकुटावरून कामाला जायचे. मोठ्या रस्त्यानं जायचं तर बराच वळसा पडे. भाऊ म्हणाले की आपल्याला सरहद्द आहे हे आपल्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या सोमवारी फळकुटापाशी नाका उभा राहिला. अडवायचं कुणालाच नव्हतं, फक्त प्रवेशाचा शिक्का मारून सोडायचं. शिक्का माझ्या आईनं अर्धा बटाटा कोरून केला होता, त्यावर ओढ्याची नागमोडी रेघ. शाई विकत आणायची गरज नव्हती. बटाटा ओढ्यात बुडवायचा आणि कामगाराच्या तळहातावर दाबायचा. त्या दिवशी ओढा जांभळा होता. कामगार आमच्यासारखेच, त्यांना गंमत वाटली. हात पुढे करून ते रांगेत उभे राहिले. काहींनी दोन्ही हातांवर मारून घेतला. पाळी अर्ध्या तासानं उशिरा सुरू झाली आणि कारखान्यात जिकडेतिकडे जांभळे हात फिरायला लागले.

तो रंग साबणानं जाईना, रॉकेलनं जाईना. दुसऱ्या दिवशी हिरवा शिक्का. तिसऱ्या दिवशी कामगारांच्या बायका चाळीत विचारायला आल्या, की यांनी पोळीला हात लावला की पोळी हिरवी होते, हे आहे तरी काय? भाऊंनी त्यांना स्टुलावर बसवून ओढा केलं. त्या फार चांगलं बोलल्या. नवरे मात्र आता शिक्का चुकवायला मोठ्या रस्त्यानं जायला लागले, म्हणजे रोजच उशीर.

पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. तेव्हा आणीबाणी लागलेली होती. चार माणसं एकत्र उभी राहिली तरी लोक इकडेतिकडे बघून घ्यायचे, आणि आम्ही उघड्यावर मंत्रिमंडळाच्या बैठका घेत होतो. कुणी तरी चौकीवर कळवलं, की पिंपळे गुरवला समांतर सरकार चालू आहे, त्यांनी सरहद्द बंद केली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना शिक्के मारतात.

एका दुपारी फौजदार आणि दोन शिपाई आले. जीप ओढ्यापलीकडे लावून फळकुटावरून अलीकडे आले. फौजदारांनी चाळीसमोर उभं राहून इथला पंतप्रधान कोण म्हणून विचारलं. कासमभाई टेम्पोखाली सरकले. रणपिसे भाऊ खोलीतून बाहेर आले, गळ्याचं बटण लावलं आणि म्हणाले, "मी. पण सध्या काळजीवाहू समजा."

फौजदारांनी चौकशी सुरू केली. तुमचं सरकार कर घेतं का? भाऊंनी सांगितलं, घरटी एक घमेलं राख, हिराबाईंच्या उकिरड्यात. सैन्य आहे का? सैन्य नाही, झाडू आहेत. कोणत्या पक्षाचे? ओढ्याचे. फौजदारांना तो चेष्टेचा प्रकार वाटला आणि त्यांनी भाऊंना जीपकडे चालायला सांगितलं. तेवढ्यात हिराबाई शेणाच्या हातानिशी गोठ्यातून आल्या.

"मी राष्ट्रपती हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आंगठ्याबिगर त्याला नेता येनार न्हाई."

फौजदारांनी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि आंगठा नको म्हणाले. मग हिराबाईही बरोबर निघाल्या. परदेशात अडकलेल्या नागरिकाला सोडवणं परराष्ट्रमंत्र्याचंच काम, म्हणून मीही निघालो. फळकुटावर एका वेळी एकानंच जायचं असतं, हे पोलिसांना माहीत नव्हतं. तिघं एकदम चढले. फळकूट कलंडलं आणि फौजदारसाहेबांचा एक पाय मांडीपर्यंत ओढ्यात गेला. भाऊंनीच हात देऊन त्यांना वर काढलं.

चौकीत पोचेपर्यंत विजारीचा एक पाय निळा झाला होता. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, तर आतला पायही निळा. साबण झाला, रॉकेल झालं, मग खाज सुटली. लाकडी खुर्चीवर बसून ते एका हातानं पाय खाजवत होते आणि दुसऱ्या हातानं जबाब लिहीत होते. घरी कुणाला कळवायचं, असं त्यांनी विचारलं.

"बायको राजगुरुनगरला असते, तिच्या भावाकडं," भाऊ म्हणाले. "दमा आहे तिला. ओढ्याच्या वासानं श्वास कोंडायचा. रात्र रात्र बसून काढायची. म्हणून पोचवून आलो."

तत्त्वतः नाही, तपशील नाही. इतकं साधं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. चाळीत सगळ्यांचा समज होता की बायको भाऊंच्या भाषणांना कंटाळून माहेरी गेली. दर गुरुवारी अधिवेशन आटोपून ते एसटीनं कुठं जातात, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

फौजदार खाजवायचे थांबले. मग पुन्हा खाजवायला लागले. लिहिलेला कागद त्यांनी वाचून बघितला. त्यात राख, झाडू, बटाटा आणि राष्ट्रपती आले होते, आणि हा कागद वर पाठवला तर वर कोण काय म्हणेल, याचा ते विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, सरकार नका म्हणू, मित्रमंडळ म्हणा, आणि पंतप्रधानपदाचा राजीनामा द्या म्हणजे सोडतो. भाऊ तयार झाले, पण राजीनामा राष्ट्रपतींकडेच द्यावा लागेल म्हणाले. हिराबाई बाकावर बसल्या होत्या. मला वाचता येत न्हाई, मी कुठला बी कागद घेणार न्हाई, असं त्यांनी सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत हा घटनात्मक पेच सुटेना, तेव्हा फौजदारांनी आम्हा तिघांनाही घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. तिथे काय झालं ते करमरकरांनी मला नंतर सांगितलं. फौजदार वरच्या साहेबांच्या खोलीत शिरले, विजार वर केली आणि निळा पाय टेबलावर ठेवला. नेमका ज्या कागदांवर ठेवला, ते हौदांचे नकाशे होते असं करमरकर सांगायचे. तेवढं मात्र मला खरं वाटत नाही.

हौद झाले. पाणी चुन्यातून निवळून यायला लागलं. ओढा पहिल्यासारखा झाला नाही, खेकडे काही आले नाहीत. पण पाण्याला पाण्याचा रंग आला, म्हशींचे फोड सुकले, आणि जेवताना मागच्या खिडक्या कुणी लावतंय का, हे आम्ही एकमेकांकडे बघून तपासायला लागलो.

एका गुरुवारी भाऊंनी अधिवेशन ठेवलंच नाही. दुपारी ते राजगुरुनगरहून बायकोला घेऊन आले. शेवंताबाई, ठेंगणी, शांत बाई. हातात एक पिशवी. सगळी चाळ बाहेर आली. भाऊ आता भाषण करणार असं आम्ही धरूनच चाललो होतो, पण त्यांनी बायकोला खोलीत नेलं, पाणी दिलं, आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिला घेऊन ते मागच्या बाजूला, ओढ्याच्या काठावर आले. आम्हीही हळूहळू मागे जाऊन उभे राहिलो.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

शेवंताबाईंनी श्वास घेतला. भीतभीत, थोडा थोडा. मग मोठा घेतला. "चुन्याचा येतोय," त्या म्हणाल्या. "शेणाचा येतोय." भाऊ निकाल ऐकावा तसे कान देऊन ऐकत होते. पहिल्यापेक्षा किती कमी, आता काय काय येतंय, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. मला राहवलं नाही. भाऊ, तुम्ही इथंच राहता, तुम्हाला माहीत नाही का, असं मी म्हणालो.

उत्तर शेवंताबाईंनी दिलं.

"यांना वास येत नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीतल्या टाकीच्या वाफेनं नाक गेलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाच."

इतकी वर्षं आम्ही नाकाला रुमाल लावला की भाऊही लावायचे. आम्ही खिडकी लावली की त्यांची खिडकीही लागायची. कासमभाईंनी उगाच हात पुसले.

शेवंताबाईंनी पुन्हा नाक वर केलं. "आणि काहीतरी करपतंय," त्या म्हणाल्या.

तो वास आम्हाला मघापासून येत होता. "कुणाकडं?" असं भाऊंनी सगळ्यांकडे बघत विचारलं, तेव्हा त्यांच्याच मागच्या खिडकीतून धूर बाहेर येत होता. तिला आवडते म्हणून स्टोव्हवर सुकट टाकून ते बाहेर आले होते.

शेवंताबाई पदर खोचून आत गेल्या. स्टोव्ह बंद झाला, कढई खरवडल्याचा आवाज आला. भाऊ दारात उभे राहिले, आत पाऊल टाकेनात.

"सगळं गेलं का?" त्यांनी विचारलं.

"तळचं गेलंय," आतून आवाज आला. "वरचं खाता येईल. या."